वाळवंटातील पर्वतांवरचे स्कीइंग: युटाच्या हिवाळ्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉल्ट लेक सिटीच्या परिसरात राहणारी मराठी कुटुंबे, नोकरीनिमित्त नव्याने आलेले तरुण आणि सुट्टीत कॅलिफोर्निया किंवा टेक्सासहून येणारी मंडळी यांच्याकडून दर हिवाळ्यात जे प्रश्न मला पुन्हापुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे वॉसॅच पर्वतरांग आणि आग्नेय युटातील ला साल पर्वत यांच्यापुरती आहेत, कारण माझी ओळख याच दोन भागांशी आहे. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात शक्यतो पुन्हा दिलेला नाही. तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. युटा तर वाळवंट आहे. मग तेथे स्कीइंग करण्याइतका बर्फ पडतो कसा?

नेवाडाखालोखाल युटा हे अमेरिकेतील सर्वांत कोरडे राज्य आहे. सॉल्ट लेक सिटीत पाऊस आणि वितळलेला बर्फ मिळून वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पाणी पडते. तेथून मोटारीने पाऊण तासावर असलेल्या आल्टा या स्की रिसॉर्टमध्ये मात्र एका हिवाळ्यात सरासरी १३ मीटरच्या आसपास बर्फ पडतो, आणि २०२२-२३ च्या विक्रमी हंगामात तो ९०३ इंच, म्हणजे जवळजवळ २३ मीटर पडला.

हे गणित महाराष्ट्रातील माणसाला समजावून सांगणे सोपे आहे, कारण महाबळेश्वर पावसात बुडालेले असताना त्याच सातारा जिल्ह्यातील माण-खटाव कोरडे राहते हे आपण लहानपणापासून भूगोलात शिकलेलो असतो. वाऱ्यासमोर डोंगर उभा राहिला की हवा वर चढते, थंड होते आणि तिच्यातील बाष्प खाली उतरते. सह्याद्रीत ढग समुद्रावरून थेट येतात; वॉसॅचकडे येणारी वादळे पॅसिफिकवरून निघतात, सिएरा नेवाडा ओलांडतात आणि शेकडो किलोमीटरचा कोरडा मुलूख पार करून येतात. वाटेत ती बरेच बाष्प गमावतात, परंतु वॉसॅचची भिंत इतकी एकदम उभी आहे की उरलेल्या बाष्पाचाही मोठा वाटा ती काढून घेते.

या बर्फाचे श्रेय ग्रेट सॉल्ट लेकला देण्याची येथे प्रथाच आहे. ते सरोवर खारेपणामुळे सहसा गोठत नाही आणि थंड वारे त्यावरून वाहिले की कधीकधी जोरदार हिमवर्षाव होतो, हे खरे आहे. पण संपूर्ण हिवाळ्याच्या हिशेबात त्याचा वाटा लहानच असतो. खरे काम डोंगर करतो.

२. मोटारींच्या नंबरप्लेटवर ‘पृथ्वीवरील सर्वोत्तम बर्फ’ असे लिहिलेले असते. ही निव्वळ जाहिरात आहे का?

जाहिरात आहे, पण निराधार नाही. लोकांचा समज असा असतो की येथील बर्फ जगातील सर्वांत कोरडा आहे, आणि तो समज चुकीचा आहे. आल्टाच्या ताज्या बर्फात पाण्याचे प्रमाण सरासरी ८.४ टक्के भरते, म्हणजे एक मीटर बर्फ वितळवला तर साधारण साडेआठ सेंटिमीटर पाणी मिळते. कोलोरॅडोच्या आतील भागात याहून हलका बर्फ पडतो.

वॉसॅचचे वैशिष्ट्य बर्फ कोणत्या क्रमाने पडतो यात आहे. येथील पुष्कळशा वादळांची सुरुवात तुलनेने उबदार असते आणि शेवट थंड असतो. त्यामुळे खाली जरा जड, दाबून बसणारा थर येतो आणि वर पिसासारखा हलका. स्की या वरच्या थरात बुडते, पण खालचा थर तिला उचलून धरतो, आणि वळताना जे तरंगल्यासारखे वाटते ते यामुळे. क्रम उलटा झाला, म्हणजे हलक्या बर्फावर जड बर्फ पडला, तर पाय अडकतात आणि थर घसरण्याची शक्यताही वाढते. थराखालच्या थराची चर्चा प्रश्न ७ मध्ये आहे.

३. रिसॉर्ट आणि बॅककंट्री यांत नेमका फरक काय?

रिसॉर्टमध्ये तुम्ही लिफ्टने वर जाता आणि आखलेल्या हद्दीत खाली येता. पहाटे तुम्ही झोपेत असताना स्की पेट्रोलची, म्हणजे रिसॉर्टच्या सुरक्षापथकाची माणसे स्फोटके टाकून धोकादायक उतारांवरचा बर्फ आधीच पाडून घेतात, त्यानंतरच उतार उघडले जातात. दिवसभर हजारो लोक त्याच बर्फावरून गेल्याने थरही मोडत आणि दाबले जात राहतात. अपघात झाल्यास मदत काही मिनिटांत पोहोचते.

बॅककंट्रीत यांपैकी काहीही नसते. स्कीच्या तळाला स्किन्स नावाच्या पट्ट्या चिकटवून तुम्ही स्वतःच्या पायांनी चढता, वर पोहोचल्यावर त्या काढता आणि उतरता. उतार सुरक्षित आहे की नाही, हा निर्णय तुमचा आणि सोबत्यांचा असतो. बाहेरून दोन्हीकडे पांढरा उतारच दिसतो, एवढ्यामुळे फसगत होते.

४. मी कधीही स्की पायात घातलेली नाही. सुरुवात कोठे करावी?

रिसॉर्टमध्येच, आणि प्रशिक्षकाकडूनच. मित्राकडून शिकू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तो तुम्हाला प्रेमाने अवघड उतारावर नेतो आणि तुमची पहिलीच सकाळ भीतीत जाते. नवशिक्यांसाठी बिग कॉटनवूड कॅन्यनमधील ब्रायटन मला सर्वांत सोयीचे वाटते, आणि तेथे संध्याकाळी दिव्यांच्या प्रकाशातही स्कीइंग चालते. आल्टाच्या आल्बियन भागातील उतारही सौम्य आहेत. बूट, स्की आणि हेल्मेट पहिली दोन वर्षे भाड्यानेच घ्यावे. बूट घट्ट असावा, मात्र पायाची बोटे बधिर होता कामा नयेत.

खर्चाचे म्हणाल तर मोठ्या रिसॉर्टमध्ये गर्दीच्या दिवशी खिडकीवर घेतलेले तिकीट दोनशे डॉलरच्या पुढे जाते. तेच आधी ऑनलाइन घेतले किंवा हंगामाआधी पास घेतला तर बराच फरक पडतो. नवशिक्याला संपूर्ण डोंगराचे तिकीट लागतही नाही. प्रशिक्षण, भाड्याचे सामान आणि खालच्या लिफ्ट असे एकत्रित तिकीट मिळते का, हे आधी विचारावे.

५. माझ्याकडे स्नोबोर्ड आहे. कोणत्याही रिसॉर्टमध्ये चालेल ना?

नाही. आल्टा आणि डीअर व्हॅली येथे स्नोबोर्डला परवानगी नाही. आल्टाला लागूनच असलेल्या स्नोबर्डला, तसेच ब्रायटन, सॉलिट्यूड आणि पार्क सिटी येथे परवानगी आहे.

६. बर्फ पडत असताना आल्टा-स्नोबर्डचा रस्ता बंद का करतात? आणि ‘इंटरलॉज’ म्हणजे काय?

लिटल कॉटनवूड कॅन्यनमधून जाणाऱ्या २१० क्रमांकाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून हिमस्खलनाच्या डझनावारी वाटा थेट उतरतात. मोठ्या वादळानंतर रस्ता बंद करून या वाटा स्फोटांनी मुद्दाम मोकळ्या केल्या जातात. अमेरिकेतील हिमस्खलन-नियंत्रणाचे शास्त्र दुसऱ्या महायुद्धानंतर याच कॅन्यनमध्ये आकाराला आले आणि त्यासाठी दीर्घकाळ सैन्याच्या तोफा वापरल्या गेल्या.

धोका इमारतींपर्यंत पोहोचण्याची शक्यता असेल, तेव्हा आल्टा आणि स्नोबर्डमधील सर्वांना इमारतीच्या आत राहण्याचा आदेश दिला जातो. यालाच इंटरलॉज म्हणतात. ही विनंती नसून कायदेशीर बंधन आहे; दाराबाहेर पाऊल टाकणे किंवा मोटारीतून सामान आणायला जाणे हाही भंगच ठरतो. बहुतेक वेळा हा आदेश काही तासांत उठतो, परंतु फेब्रुवारी २०२१ मध्ये तो सुमारे ६० तास चालला होता. म्हणून वादळाच्या दिवसांत वर मुक्काम असेल तर औषधे, लहान मुलांचे खाणे आणि परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस हाताशी ठेवावा.

वादळात वर जाताना मोटारीला हिवाळी टायर असणे, आणि नियम लागू असेल त्यानुसार चारही चाकांना गती देणारी मोटार किंवा साखळ्या असणे बंधनकारक असते. विमानतळावर भाड्याने मिळणाऱ्या अनेक मोटारींचे टायर या नियमात बसत नाहीत. त्यापेक्षा पायथ्यापासून सुटणारी स्की बस बरी.

७. यंदा बर्फ कमी आहे. म्हणजे हिमस्खलनाचा धोकाही कमीच ना?

मला येणाऱ्या प्रश्नांपैकी सर्वांत महत्त्वाचा हाच आहे, कारण साधारण बुद्धीला जे उत्तर सुचते ते येथे नेमके उलटे ठरते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थोडा बर्फ पडतो आणि मग पुष्कळदा दोन-तीन आठवडे आकाश निरभ्र राहते. वाळवंटी हवा कोरडी असल्याने रात्री जमिनीची उष्णता अडवायला ढग नसतात आणि बर्फाचा पृष्ठभाग अतिशय थंड होतो. तळाशी मात्र जमीन शून्य अंशाच्या जवळच असते. समजा थर ४० सेंटिमीटरचा आहे, तळ शून्यावर आणि पृष्ठभाग उणे १२ अंशांवर. म्हणजे दर दहा सेंटिमीटरला तीन अंशांचा फरक पडला. दर दहा सेंटिमीटरला साधारण एक अंशाहून अधिक फरक असला की थरातील बाष्प खालून वर सरकू लागते आणि बर्फाच्या कणांचे रूपच बदलते. एकमेकांना धरून ठेवणारे गोलसर कण जाऊन कंगोरेदार, सुटे, साखरेसारखे कण तयार होतात. मूठभर हातात घेऊन दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. दोन मीटर जाडीच्या थरात तापमानातील हाच फरक मोठ्या अंतरावर पसरला असता आणि कण घट्टच राहिले असते. पातळ थरच कमकुवत होतो, तो असा.

मग डिसेंबर-जानेवारीत वादळ येते आणि त्या साखरेवर दीड मीटर बर्फ ठेवून जाते. साखरेच्या थरावर मोठी फरशी तिरकी ठेवावी, तशी ही स्थिती असते. एखाद्या स्कीच्या भाराने खालचा थर कोसळतो, तडा क्षणार्धात शेकडो मीटर पसरतो आणि संपूर्ण फरशी सुटते. हा कमकुवत थर चार दिवसांत बरा होत नाही. तो कित्येक आठवडे, काही वर्षी तर महिनोन् महिने टिकतो.

६ फेब्रुवारी २०२१ रोजी सॉल्ट लेक सिटीजवळच्या मिलक्रीक कॅन्यनमध्ये विल्सन ग्लेड या ठिकाणी हेच घडले. कोरड्या गेलेल्या हंगामारंभातील कमकुवत थरावर नव्या वादळांचा भार पडला होता. दोन वेगवेगळ्या गटांतील आठ जण एकाच हिमस्खलनात सापडले आणि त्यांपैकी चौघांचा मृत्यू झाला. वाचलेल्या चौघांनी उरलेल्यांना शोधून, खणून बाहेर काढले होते. साधने आणि ती वापरण्याची माहिती असूनही हे झाले.

म्हणून कालच्या वादळात किती बर्फ पडला, एवढेच विचारू नये. नोव्हेंबरपासून काय काय घडले, हे विचारावे.

८. हिमस्खलनाचा अंदाज कोठे मिळतो आणि तो वाचावा कसा?

१९८० पासून काम करणारे युटा अ‍ॅव्हलांच सेंटर हिवाळ्यात रोज सकाळी विभागवार अंदाज प्रसिद्ध करते. सॉल्ट लेक, ऑग्डेन, लोगन, प्रोव्हो असे वॉसॅचचे विभाग आहेत आणि मोआब विभागात ला साल पर्वत येतात. धोक्याच्या पाच पायऱ्या आहेत: कमी, मध्यम, लक्षणीय, उच्च आणि अत्युच्च.

पाचपैकी तीन म्हणजे ‘मधलाच तर आहे’, असे समजणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. ‘लक्षणीय’ याचा अर्थ माणसाच्या भाराने हिमस्खलन होण्याची चांगलीच शक्यता आहे, असा होतो, आणि अनेक जीवघेणे अपघात याच पायरीवर होतात. उच्च धोक्याच्या दिवशी निदान पुष्कळसे लोक घरी थांबतात. आकड्याखाली जे लिहिलेले असते ते अधिक मोलाचे आहे: धोका कोणत्या दिशेच्या उतारावर आहे, किती उंचीवर आहे आणि तो वाऱ्याने साठलेल्या बर्फाचा आहे की प्रश्न ७ मधल्या जुन्या थराचा. ताज्या वादळाचा धोका बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतो. जुन्या थराचा ओसरत नाही.

एक साधी गोष्ट अंदाजाच्या पलीकडे नेहमी उपयोगी पडते. हिमस्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. ज्या दिवशी खात्री नसेल, त्या दिवशी ३० अंशांहून सौम्य आणि वर तीव्र उतार नसलेल्या जागीच स्की करावी. सौम्य उतारावरच्या चांगल्या बर्फाचा आनंद कमी नसतो.

९. बॅककंट्रीसाठी कोणती साधने आणि किती प्रशिक्षण लागते?

बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारे आणि शोधणारे संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब काठी) आणि फावडे ही तिन्ही प्रत्येकाजवळ असलीच पाहिजेत. गटात मिळून एक संच, हा हिशेब येथे चालत नाही, कारण गाडला गेलेला माणूस स्वतःचे फावडे वापरू शकत नाही. बीकन अंगाला बांधलेले आणि निघतानाच चालू केलेले असावे. मोबाइल त्यापासून दूर ठेवावा, कारण त्यामुळे संदेशात व्यत्यय येतो.

पूर्ण गाडल्या गेलेल्या व्यक्तीला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर वाचण्याची शक्यता मोठी असते आणि त्यानंतर ती झपाट्याने घसरते. एवढ्या वेळात बाहेरची मदत पोहोचत नाही, म्हणून सोबतीच बचावपथक असतात. किमान तीन दिवसांचा हिमस्खलन अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय बॅककंट्रीत जाऊ नये आणि दर हंगामाच्या सुरुवातीला एखाद्या बागेत बीकन पुरून शोधण्याचा सराव करावा. हवेची पिशवी असलेली पाठपिशवी उपयोगी आहे, पण ती झाडांवर आणि खडकांवर आपटण्यापासून वाचवत नाही.

१०. मी सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकंती केली आहे. तो अनुभव उपयोगी पडेल का?

काही प्रमाणात नक्की पडेल. वेळेचा अंदाज, पाण्याचे नियोजन, नकाशा वाचणे, गटातील सर्वांत दमलेल्या माणसाच्या चालीने चालणे, आणि गडाच्या पायथ्याशी पोहोचूनही हवामान पाहून परत फिरण्याची तयारी, ही शिदोरी येथेही तेवढीच मोलाची आहे.

परंतु एक सवय धोक्याची ठरते. सह्याद्रीत जी वाट काल चाललो ती आजही बहुधा चालता येते. खडक कातळाचा असतो आणि पायवाट पिढ्यान्पिढ्यांची असते. बर्फात आधीच्या माणसाच्या खुणा सुरक्षिततेचा पुरावा मुळीच नसतात. दहा जण ज्या उतारावरून गेले, त्याच उतारावर अकराव्याच्या पायाखाली थर पातळ असू शकतो आणि तडा तेथूनच सुरू होतो.

११. रिसॉर्टच्या हद्दीवरील फाटकातून बाहेर पडलो तर तो भाग रिसॉर्टचाच धरायचा का? आणि लिफ्ट बंद असताना रिसॉर्टच्या उतारावर चढता येते का?

फाटकापलीकडे पहिले पाऊल पडले की ते बॅककंट्रीच आहे. लिफ्टमुळे तेथे पोहोचणे सोपे झाले, एवढेच. उतारांवरचा बर्फ कोणीही पाडून घेतलेला नसतो. प्रश्न ८ आणि ९ मधील सर्व काही तेथे तंतोतंत लागू होते. दोरी ओलांडून बंद भागात जाणे ही आणखी वेगळी बाब आहे: ते नियमभंगात मोडते, पास जप्त होऊ शकतो आणि खाली असलेल्या लोकांवर हिमस्खलन सुटू शकते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठिकाणानुसार बदलते. काही रिसॉर्ट ठरावीक वाटेने, ठरावीक वेळी चढू देतात, काही मुळीच देत नाहीत. त्या त्या दिवसाचा नियम पाहूनच निघावे. रिसॉर्ट हंगामाआधी उघडलेले नसते किंवा हंगामानंतर बंद झालेले असते, तेव्हा तेथे नियंत्रणाचे काम होत नाही आणि ओळखीचा उतारही पूर्णपणे बॅककंट्री होतो. नोव्हेंबरमध्ये ही चूक फार होते, कारण सर्वांत आधी बर्फ धरणारे सावलीतले उतार तेच असतात आणि कमकुवत थरही तेथेच तयार होत असतो.

१२. मोआबच्या लाल खडकांमागे जे पांढरे डोंगर दिसतात, तेथे स्कीइंग होते का?

होते, आणि मला ते युटातील सर्वांत देखणे वाटते. त्या डोंगरांचे नाव ला साल, म्हणजे स्पॅनिशमध्ये मीठ. सर्वोच्च शिखर माउंट पील ३,८७७ मीटर उंच आहे, तर मोआब गाव सुमारे १,२०० मीटरवर आहे. तेथे लिफ्ट नाही, रिसॉर्ट नाही. गीझर पास रस्त्यावरील सुमारे २,९०० मीटर उंचीच्या वाहनतळापासून स्किन्स लावून चढायचे आणि दुपारी खाली येऊन वाळवंटात बाही दुमडून बसायचे, असा दिवस तेथे मिळतो.

मात्र प्रश्न ७ मधील सर्व कारणे तेथे अधिक तीव्रतेने हजर असतात. थर वॉसॅचहून पातळ असतो. चहूबाजूंनी उघड्या वाळवंटावरून येणारा नैर्ऋत्येचा वारा कोठेही न अडता डोंगरावर आदळतो आणि उत्तर व पूर्वेकडील उतारांवर बर्फाच्या कठीण फरश्या साठवतो. फेब्रुवारी १९९२ मध्ये गोल्ड बेसिनमध्ये झालेल्या हिमस्खलनात चौघांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये तेथील हिमस्खलनाचा अंदाज वर्तवणाराच एक जण होता. काही वर्षांपूर्वी याच परिसरात एका अगदी सपाट जागी पायाखालचा थर ‘हुंफ्’ असा आवाज करून बसल्याचे आम्ही ऐकले. जागा सपाट होती म्हणून काही सुटले नाही. आम्ही तेथूनच परत फिरलो, कारण तो आवाज हे डोंगराने दिलेले सर्वांत स्पष्ट उत्तर असते.

पहिल्यांदा जाणाऱ्याने मार्च-एप्रिलची वाट पाहावी. रात्री गोठणे आणि दिवसा वितळणे या चक्राने तोवर थर पुष्कळदा एकजीव झालेला असतो.

१३. भारतातून आई-बाबा येणार आहेत. ते स्की करणार नाहीत. त्यांना वर न्यावे का?

अवश्य न्यावे, पण आल्याच्या दुसऱ्याच दिवशी नको. स्नोबर्डच्या मोठ्या ट्रामने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या डब्याने, स्की न करणाऱ्यांनाही हिडन पीकवर जाता येते, परंतु ते शिखर सुमारे ३,३५० मीटरवर आहे. हृदयविकार, दमा किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. पार्क सिटीची मेन स्ट्रीट सुमारे २,१०० मीटरवर असल्याने सुरुवातीला अधिक सोयीची. बर्फावरून घसरून मनगट किंवा खुबा मोडण्याचा धोका ज्येष्ठांना उंचीइतकाच असतो, म्हणून बुटांना लावायच्या दातेरी पट्ट्या आधीच घेऊन ठेवाव्यात. त्यांच्या प्रवासविम्यात हिवाळी खेळ वगळलेले असतात का, हेही पाहावे. एखादे दिवशी त्यांनाच स्लेजवर बसण्याची हौस येते.

१४. उंची, कोरडी हवा आणि ऊन यांचा त्रास किती होतो?

अपेक्षेहून अधिक. आल्टाचा पायथाच सुमारे २,६०० मीटरवर आहे. समुद्रसपाटीवरून थेट आलेल्यांना डोकेदुखी, मळमळ आणि झोपमोड होऊ शकते. पहिला दिवस शहरात घालवावा. थंडीत तहान जाणवत नाही, पण कोरड्या हवेत प्रत्येक श्वासागणिक पाणी जात असते. ताजा बर्फ अतिनील किरणांचा फार मोठा भाग परत फेकतो, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांजवळही लावावे आणि गडद चष्मा ढगाळ दिवशीही काढू नये.

जानेवारीत खाली शहरात धुरकट, कोंदट हवा असते आणि वर लख्ख ऊन, हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. खोऱ्यात थंड हवा साचते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि वाहनांचा व इमारतींचा धूर आत अडकतो. दम्याच्या रुग्णांना अशा वेळी डोंगरावर बरे वाटते.

१५. कुत्र्याला सोबत नेता येईल का?

बिग आणि लिटल कॉटनवूड कॅन्यनमध्ये नाही, मोटारीत बसवूनसुद्धा नाही. या दोन्ही कॅन्यनचे पाणी सॉल्ट लेक सिटीला पिण्यासाठी जाते.

१६. एप्रिलमध्ये बर्फ तपकिरी का दिसतो? त्यावर स्की करावी का?

ती वाळवंटातील धूळ आहे. वसंतातील वादळी वारे कोरड्या जमिनीवरून आणि आटलेल्या सरोवरतळावरून माती उचलतात आणि डोंगरांवर पसरवतात. २०२२ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकची पातळी नोंदींतील नीचांकावर गेली. तळ जितका उघडा पडेल तितकी धूळ वाढते. पांढरा बर्फ बहुतेक सूर्यप्रकाश परत पाठवतो. मळलेला बर्फ तो शोषून घेतो आणि आठवडे आधी वितळतो. ज्या शहरांचे आणि शेतांचे वर्षभराचे पाणी या बर्फात साठलेले असते, त्यांच्यासाठी ही गोष्ट स्कीइंगच्या हंगामापेक्षा फार मोठी आहे.

स्की करता येते, पण वेळ पाळावी लागते. स्वच्छ बर्फ सकाळी उशिरापर्यंत छान, दाणेदार राहतो. धुळीचा बर्फ त्याच्या आधीच मऊ होतो आणि चिकट बनून स्कीला अचानक ब्रेक लावल्यासारखा धरतो. दोन इंच नवा बर्फ पडून धूळ झाकली गेली तरी फसू नये, कारण ऊन त्या पातळ थरातून आत जाते, धुळीचा थर तापतो आणि वरचा बर्फ खालून ओला होतो. पोटरीपर्यंत पाय रुतू लागला किंवा उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडू लागले, की घड्याळात कितीही वाजले असले तरी तीव्र उतारांवरून खाली यावे. ला सालमध्ये मी एप्रिलमध्ये पहाटे साडेचारला निघतो आणि दहाच्या आत मोटारीपाशी परत असतो.